आकाशातला जाळ आणि आपली साक्ष

२ एप्रिल २०२२. मराठी घरांतली पाडव्याची गुढी उतरवून झाली होती, कन्नड घरांत युगादीचे बेवु-बेल्ल वाटून झाले होते. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातल्या लोकांनी आकाशातून तेजाचा पट्टा सरकताना पाहिला. मराठीत उल्का, कन्नडात उल्के. दोन्हीकडे आधी तेच नाव ओठांवर आले. पण त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची भलीमोठी कडी पडली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी अग्निबाणाचा तो टप्पा असावा, असे अभ्यासकांनी सांगितले.

मग फरक ओळखायचा कसा? वेगावरून. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर धावते आणि बहुधा काही सेकंदांतच विझते. अग्निबाणाचा भंगार भाग साधारण ८ किलोमीटरने, जवळजवळ आडवा येतो. म्हणून तो तुकड्यांची रांग घेऊन मिनिटभरही दिसतो.

वाचकहो, असे काही दिसले तर मोबाइल शोधण्यात वेळ घालवू नका. मनात सेकंद मोजा. जाळ कुठल्या झाडावर दिसला, कुठल्या छपरामागे गेला, हे लक्षात ठेवा. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे सुमारे १० अंश. तिने उंची मोजता येते. नंतर काही मिनिटे कान देऊन थांबा, कारण गडगडाट उशिरा पोहोचतो. घड्याळातली वेळ टिपा. आजी, मुले, सुना यांनी आपापले वेगवेगळे लिहावे, गप्पा नंतर. नाहीतर एकाचे दुसऱ्याच्या आठवणीत मिसळते.

एकट्याच्या नोंदीने दिशा कळते, दोघांच्या नोंदीने जागा. समजा, सिल्वासाजवळच्या रांध्यातल्या पाहुण्याला जाळ पूर्वेला दिसला आणि नाशिकच्या मावशीला पश्चिमेला, तर तो मधल्या डोंगररांगांवर जळाला. आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या संकेतस्थळावर अशी नोंद कुणालाही विनामूल्य करता येते.

दगड सापडला तर तो फोडून वाटू नका, धुऊ नका, चुंबक लावू नका. स्वच्छ पिशवीत ठेवून तहसील कार्यालयाला कळवा. धातूचा तुकडा असेल तर हात न लावता पोलिसांना सांगा. १७ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात, दियोदर तालुक्यात पडलेला दगड गावकऱ्यांमुळेच अहमदाबादच्या शास्त्रज्ञांपर्यंत पोहोचला. तो ऑब्राइट या दुर्मीळ जातीचा निघाला. भारतात तसा दगड त्याआधी १८५२ साली पडला होता. गावकऱ्यांनी तो उकिरड्यावर टाकला असता, तर हे कुणालाच कळले नसते.