पिशवीला किती पिशव्या?

मंचरच्या बाजारात बेण्याच्या बटाट्याचे ट्रक लागले, की सातगाव पठारावरचा शेतकरी आधी खिशाकडे पाहतो आणि मग आभाळाकडे. आंबेगाव तालुक्यातील पेठ, कुरवंडी, भावडी, थुगाव या भागात खरिपाचा बटाटा हे हक्काचे नगदी पीक. रान तुकड्या-तुकड्यांचे, पाणी मुख्यतः पावसाचे. मुलांच्या फीपासून सोसायटीच्या हप्त्यापर्यंत सगळी भिस्त याच पिकावर.

वाचकहो, आपण मंडईत किलोचा भाव विचारतो. पठारावर मात्र विचारतात, "पिशवीला किती पिशव्या निघाल्या?" सगळे गणित या एका प्रश्नात आहे. समजण्यापुरते आकडे धरू. एकराला आठ क्विंटल बेणे, क्विंटलला २,५०० रुपये. म्हणजे २०,००० रुपये मातीत. खत, औषध, मजुरी, बारदाना, भाडे मिळून आणखी ३५,००० रुपये. पिशवीला आठ पिशव्या निघाल्या तर ६४ क्विंटल माल, किलोला खर्च सुमारे साडेआठ रुपये. पाऊस लागून राहिला, करपा आला आणि चारच निघाल्या, तर तोच खर्च सतरा रुपयांवर! भाव बारा रुपये मिळाला, तर पहिल्याच्या हाती २१,८०० रुपये उरतात, दुसरा १६,६०० रुपयांनी बुडतो. कष्ट दोघांचे सारखेच. शिवाय यात घरच्या माणसांची मजुरी धरलेलीच नाही.

मग घरचे बेणे का ठेवत नाहीत? आपल्या हवेत मावा विषाणूरोग पसरवतो आणि बेणे लवकर खराब होते. पंजाबच्या थंडीत मावा कमी असतो, म्हणून तिथले बेणे चांगले. ते शीतगृहात राहून, मजल-दरमजल करीत इथे येते. त्याचा भाव आपल्या हातात नाही. मालाचाही नाही. पठारावरचा बटाटा सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतो. त्या वेळी उत्तरेकडच्या शीतगृहांत माल किती उरला, यावर आपले नशीब ठरते.

वेफर्स कंपन्यांशी करार केला, तर भाव आधी ठरतो, हा मोठाच आधार. पण आकार लहान, हिरवेपणा, साखर जास्त, अशा कारणांनी माल परत आला की तो कुठे न्यायचा? म्हणून सही करण्याआधी परतीच्या अटी मराठीत, लेखी मागून घ्याव्यात. त्यात लाज कसली?

शेतकरी बंधूंनो, बेणे गटाने घ्या, पक्की पावती जपून ठेवा. पावतीशिवाय न उगवलेल्या बेण्याची तक्रार उभीच राहत नाही. पावसाळ्यात कापलेल्या फोडी सडतात, तेव्हा शक्यतो लहान, अखंड बेणे निवडा. आणि सगळेच रान बटाट्याखाली घालू नका.

सरकारकडे मागणे एकच. कर्जमाफीची चर्चा निवडणुकीला होते. बेण्याची चर्चा मे महिन्यात व्हायला हवी. तपासलेले बेणे वेळेवर आणि वाजवी दरात मिळाले, तर पठारावरचा शेतकरी कुणापुढे हात पसरणार नाही. तो फक्त विचारील, "काय पाव्हणं, औंदा पिशवीला किती?"