तोफेचा आराखडा कोणाचा?

हैदराबाद कंटिन्जंटच्या छावणीमुळे वाढलेल्या परतवाड्यातील तरुणाला आज तोफेचा आराखडा काढावयाचा असेल, तर अमरावतीला यंत्र-अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुण्याची वाट धरावी लागते. तेथे पाषाणला संरक्षण खात्याची शस्त्रास्त्र संशोधन संस्था आहे.

ज्येष्ठ संकल्पन-अभियंत्याचे तेथील काम प्रसिद्धीचे नव्हे. गोळा सुटताच नळी मागे झेपावते; तो धक्का पेलणारी यंत्रणा, गाड्याचे वजन, सुट्या भागांत ठेवावयाची केसभर सूट, ही त्याची गणिते. कागदावरील चूक तोफखान्यातील जवानाच्या जिवावर बेतते. १५५ मिलिमीटरच्या स्वदेशी तोफेचे हे गणित २०१३ पासून मुख्यतः जनतेच्या पैशाने सुटले. मार्च २०२५ मध्ये ३०७ तोफा व त्या ओढणारी वाहने यांचा सुमारे ६,९०० कोटी रुपयांचा करार मात्र भारत फोर्ज आणि टाटा यांच्याशी झाला. या कंपन्या विकासात भागीदार होत्या, हे मान्य. पण पिढ्यान्‌पिढ्या तोफा घडविणाऱ्या सरकारी निर्माण्यांना या करारात स्थान का नाही?

त्यांचे उत्तर २०२१ मध्ये मिळाले होते. जूनअखेर संरक्षण उत्पादनातील संपांवर बंदी घालता येईल असा वटहुकूम निघाला आणि १ ऑक्टोबरला ४१ निर्माण्यांच्या सात कंपन्या झाल्या. कामगार संघटनांचा विरोध विचारात घेण्याची गरज शासनाला भासली नाही!

यापुढे सरकारी आराखड्यावर बनणाऱ्या प्रत्येक शस्त्राच्या मागणीत निर्माण्यांचा वाटा कराराने राखून ठेवावा. तसेच नागपूरच्या अंबाझरी निर्माणीतील संकल्पनाचे काम वाढवून वऱ्हाडातील अभियंत्यांची तेथे भरती करावी.