चहाच्या सुट्टीत कोण कुणाशी बोलतं?

पहिल्या पिढीतल्या संशोधकांची परिषदेबद्दल एक पक्की समजूत असते. जायचं, पेपर वाचायचा, प्रमाणपत्र घ्यायचं आणि रात्रीची गाडी पकडायची. चहाच्या सुट्टीत मोठ्या प्राध्यापकांभोवती घुटमळणं म्हणजे लाळघोटेपणा. ही समजूत कुठून आली ते मला कळतं. वशिल्यानं आपल्या आईबापांच्या इतक्या संधी खाल्ल्या की ‘ओळख’ या शब्दालाच आपण बिचकतो. तरीही मला ती पटत नाही.

ज्यांच्या घरात दोन पिढ्या प्राध्यापकी आहे, त्यांना घुटमळावंच लागत नाही. लेख कुठल्या नियतकालिकाकडे पाठवावा, कुठला मार्गदर्शक खरंच प्रकरणं वाचतो, कुठे जागा निघणार आहे, हे त्यांच्या कानावर घरी जेवताना पडतं. आपल्या घरात हे सांगणारं कुणी नाही. मला एका जिल्ह्यातले जुने महसुली कागद बघायचे होते. त्यासाठी अर्ज नेमका कुणाच्या टेबलावर न्यायचा, हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. परराज्यातल्या एका परिषदेत जेवणाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईंनी ते दोन मिनिटांत सांगितलं.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडलं होतं की नोकरीची बातमी बहुधा जिवलगांकडून येत नाही, दूरच्या ओळखीतून येते. कारण जिवलगांना जे ठाऊक असतं, ते आपल्यालाही ठाऊक असतं. आपल्याकडे बघा. हॉस्टेलचे आणि चळवळीतले मित्र जिवाला जीव देतील, पण तेही आपल्यासोबत त्याच जाहिरातीच्या रांगेत उभे असतात.

अर्थात, आपल्या देशात चहाचं टेबलही जातीबाहेर नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचा २००७ सालचा अभ्यास अनेकांनी वाचला असेल. पात्रता सारखीच, बदललं फक्त नाव, तरी खाजगी कंपन्यांकडून दलित नावाच्या अर्जांना बोलावणी कमी आली. समोरासमोर तर चौकशी आणखी रंगते. महाराष्ट्राबाहेर आपलं आडनाव पटकन उमगत नाही, मग मूळ गाव, वडिलांचा व्यवसाय, नेट कुठल्या प्रवर्गातून, असे प्रश्न एकामागून एक येतात. म्हणून एकट्यानं जाऊ नये असं माझं मत आहे. वेगवेगळ्या विद्यापीठांतल्या दोघातिघांनी ठरवून जावं, एकमेकांच्या सत्राला बसावं, एकाची ओळख दुसऱ्यानं करून द्यावी. प्रस्थापित हेच करतात, फक्त त्याला नाव देत नाहीत.

मे १९१६ मध्ये बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवरचा निबंध वाचला, हे आपल्याला पाठ आहे. त्याच न्यूयॉर्कमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांची मैत्री जुळली. १९२० साली अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला ते लंडनला परत निघाले, तेव्हा पैशाची जुळवाजुळव करताना भथेनांकडून घेतलेलं कर्ज कामी आलं. यात लाळघोटेपणा कुठे आला?

ऑनलाइन परिषदांनी आपला खर्च वाचवला, हे खरंच. पण पेपर संपला की खिडकी बंद होते, रांगेत पुढे कुणी उभं नसतं. आणि प्रत्यक्ष जायचं तर पैसा लागतो. समाजशास्त्रासारख्या विषयांत यूजीसीच्या फेलोशिपचा आकस्मिक निधी पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० रुपये. त्यातच पुस्तकं, क्षेत्रकार्य, झेरॉक्स आणि परिषदही. वर बहुतेक ठिकाणी आधी खिशातून भरा, बिलं नंतर, अशी पद्धत. फेलोशिपच अडकलेली असेल तर ‘नंतर’ला काही अर्थ उरत नाही. मुलींच्या बाबतीत राहण्याच्या जागेचा प्रश्न वेगळाच. खऱ्या गप्पा रात्री जेवणानंतर रंगतात आणि हॉस्टेलचं फाटक त्याआधी बंद झालेलं असतं.

तेव्हा वंचितांवर सत्रं भरवणाऱ्या आयोजकांकडे आपण प्रवासखर्च आगाऊ मागायला हवा आणि राहण्याची सोय परिषदेच्या जागेजवळ. मागणी नोंदणीच्या अर्जासोबतच लेखी द्यावी, शक्यतो चारपाच जणांच्या सह्यांनी. परिषद संपल्यावर तिकिटं घेऊन लेखा विभागाच्या खिडकीशी उभं राहिलेल्यांना याचं कारण सांगायला नको.