चोरून बांधलेलं इंजिन स्वस्तात पडत नाही

आमच्या बोथच्या पोरांच्या तोंडी हल्ली ‘स्ट्रोकर’ हा शब्द फार असतो. कुणाच्या गोठ्यात वडिलांची जुनी साडेतीनशेची बुलेट उभी असते, कुणी किनवटहून एखादी अर्धमेली गाडी उचलून आणतो. कापूस विकून चार पैसे हातात आले की विचार सुरू होतो : हिच्यातून जास्त सीसी कसे काढायचे, आणि तेही कमी खर्चात?

साहित्यवाल्या मित्रांसाठी थोडक्यात सांगतो. पिस्टन वरखाली जेवढं अंतर चालतो तो स्ट्रोक, आणि सिलिंडरचा आतला व्यास तो बोअर. (शाळेच्या पुस्तकात पिस्टनला दट्ट्या म्हणायचे. गॅरेजमध्ये हा शब्द एकदा वापरून बघा. मेकॅनिक पाना खाली ठेवून तुमच्याकडे बघत बसेल.) क्रँकची पिन मध्यापासून आणखी लांब बसवली की स्ट्रोक वाढतो आणि त्याच सिलिंडरमधून जास्त सीसी मिळतात. असं इंजिन म्हणजे स्ट्रोकर.

ही कल्पना मुळात काटकसर करणाऱ्यांचीच आहे. अमेरिकेत शेव्हर्लेचं ३५० घनइंचाचं व्ही-८ इंजिन घरोघरी होतं. त्याच कंपनीच्या ४०० घनइंची इंजिनाचा क्रँक भंगारात मिळायचा आणि त्याचा स्ट्रोक जास्त होता. त्याची मुख्य जर्नलं घासून बारीक केली, सिलिंडर थोडे रिबोर केले, की तो ३५० मध्ये बसायचा. झालं ३८३ घनइंचाचं इंजिन. यात लाड कुठेही नाहीत. भंगारातला भाग आणि चांगला मशीनवाला, एवढ्यावर लोकांनी ही इंजिनं बांधली. मला त्यातला दुसरा शब्द महत्त्वाचा वाटतो : मशीनवाला.

आता आपली बुलेट घ्या. बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी, म्हणजे ३४६ सीसी. स्ट्रोक १०० मिमी केला तर ३८५ सीसी होतात. उलट स्ट्रोक तोच ठेवून बोअर ८४ केला, जो पाचशेच्या बुलेटला कंपनीनेच दिला होता, तर ४९९. व्यासाचा वर्ग होतो, लांबीचा होत नाही, एवढंच गणित आहे. मूळचाच लांब स्ट्रोक असलेल्या इंजिनात आणखी स्ट्रोक वाढवणं हा पैशाच्या दृष्टीने मला हट्टच वाटतो.

पण माझा आतेभाऊ तोच हट्ट धरून बसलाय. त्याच्याकडे आहेत ५० हजार रुपये, आणि त्यातले निम्मे सायलेन्सर, हँडल आणि रंगाला ठेवलेत. मी त्याला म्हटलं, दादा, पिन ५ मिमी सरकवलीस की पिस्टन वर ५ मिमी जास्त जाणार आणि खालीही ५ मिमी जास्त येणार. वर तो हेडला आपटेल. मग सिलिंडरखाली ५ मिमीची पट्टी घाल, तर पुशरॉड आखूड पडतात. पट्टी नको असेल तर ज्याचं पिनचं भोक वरच्या बाजूला आहे असा पिस्टन शोध. खाली पिस्टनचा घेर चक्राला लागतोय का, रॉड केसला घासतोय का, हे हाताने फिरवून बघ. त्यात कॉम्प्रेशन चढतं ते वेगळंच. हेडमधली जागा तेवढीच राहिली तर साडेआठाचं सव्वानऊच्या वर जातं आणि उन्हाळ्यात चढावर इंजिन ठोकायला लागतं.

आणि या सगळ्याच्या आधी क्रँक. बुलेटचा क्रँक म्हणजे दोन जड चक्रं आणि मधली पिन. जोडल्यावर तो सेंटरवर ठेवून, डायल लावून, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सरळ करावा लागतो. मग नवीन पिस्टनच्या वजनाप्रमाणे बॅलन्स. हे काम बाहेरून दिसत नाही, त्यावर कुणी फोटो काढत नाही, म्हणून बजेट कमी पडलं की पहिली कात्री इथेच लागते. माझं म्हणणं असं की पैसे याच क्रमाने जावेत : आधी क्रँक, मग ब्रेक, मग उरलं तर रंग. जुन्या बुलेटचे ड्रम ब्रेक ३४६ सीसीलाच जेमतेम पुरतात, आणि नेरडिगोंडाजवळ हायवे ४४ वर मागून येणारा ट्रक तुमचे सीसी मोजत नाही.

दादाचं उत्तर मात्र मला निरुत्तर करणारं होतं. तो म्हणाला, “चांगल्या मशीनवाल्याकडे नेलं तर तो विचारतो, कागदावर किती सीसी?”

खरी अडचण इथे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पक्कं केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कायद्याचा हेतू मला मान्य आहे. रस्ता सगळ्यांचा आहे.

पण परिणाम काय होतो? हौस थांबत नाही, ती शटरमागे जाते. ज्याच्याकडे डायल आणि बॅलन्सिंगची सोय आहे तो दुकानदार नाव जाईल म्हणून हात लावत नाही. जो लावतो तो अंदाजाने ठोकून देतो, पावती देत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला नकाराचं कारण आयतंच मिळतं. कमी बजेट आणि चोरीचं काम, दोन्हींचा फटका त्या एका न तपासलेल्या क्रँकलाच बसतो.

“मग मोठी गाडीच घ्या ना” असं म्हणणारे भेटतात. त्यांना हप्त्यांचा प्रश्न नसावा. शिवाय गाडी घेणं आणि इंजिन समजणं या वेगळ्या गोष्टी आहेत. बोथसारख्या गावात पिन सरकवल्यावर पुशरॉड का आखूड पडतो हे ज्या पोराला कळतं, त्याला मी अडाणी टवाळ म्हणायला तयार नाही.

जर्मनीत गाडीत असा बदल केला तर ती मान्यताप्राप्त तपासनीसाला दाखवावी लागते. ब्रेक, आवाज, धूर बघून त्याने होकार दिला तरच बदल कागदावर चढतो. आपल्याकडेही सीएनजी किट बसवता येतं, अटी पाळून, आरसीत नोंद करून. गॅसच्या टाकीसाठी हा दरवाजा उघडता येतो तर १० मिमी स्ट्रोकसाठी का नाही? फी घ्या, कडक तपासा, ब्रेक कमी पडले तर गाडी परत पाठवा. नापास झालेला क्रँक निदान कुणीतरी डायलवर ठेवून बघितलेला असेल.

तोवर दादाला मी एवढंच सुचवलंय की इंजिन बांध, पण गाडीत घालू नकोस. स्टँडवर चालव, उघड, बघ कुठे घासलंय. आणि त्या सायलेन्सरचे पैसे आधी लेथवाल्याला दे.