तेच जेवण, वेगळी वेळ

१७२९ मध्ये द मेराँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूसारखे एक झाड अंधारात नेऊन ठेवले. ऊन दिसत नसतानाही त्याची पाने सकाळच्या वेळी उघडत आणि रात्री मिटत राहिली. सजीवाच्या आत स्वतःचे घड्याळ असावे, ही शंका तेथून बळावली. पेशींमध्ये हे घड्याळ चालते कसे, याचा उलगडा करणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या तीन अमेरिकी संशोधकांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मनुष्यदेहातील मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, सुमारे वीस हजार पेशींच्या एका पुंजक्यात असते. डोळ्यांवाटे येणाऱ्या प्रकाशावर ते स्वतःला जुळवून घेते. परंतु यकृत, स्वादुपिंड, आतडी यांचीही आपापली घड्याळे असतात आणि ती मुख्यतः अन्नाकडे पाहून चालतात. जिनिव्हा येथे २००० साली काही उंदरांना त्यांच्या विश्रांतीच्या वेळीच, म्हणजे दिवसा, खाऊ घातले गेले. थोड्याच दिवसांत यकृताचे घड्याळ उलटे फिरले. मेंदूचे मात्र जागचे हलले नाही. एकाच दुकानात मालकाची रात्र आणि मुनिमाचा दिवस सुरू असावा, तसा हा प्रकार.

सायंकाळनंतर देहाची साखर हाताळण्याची शक्ती मंदावते. सकाळी जे ताट सहज पचते, तेच रात्री घेतले असता रक्तातील साखर अधिक चढते व उतरण्यास अधिक वेळ घेते. झोपेच्या सुमारे दोन तास आधी मेलाटोनिन हा स्राव वाढू लागतो आणि तो इन्सुलिनला आवर घालतो. व्यापाऱ्यास हे समजणे अवघड नसावे. रक्कम तीच असली, तरी ती ३१ मार्चला जमा झाली की १ एप्रिलला, यावर पुष्कळ काही ठरते.

२०१८ मध्ये अमेरिकेतील अलाबामा येथे मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या आठ पुरुषांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पाच आठवडे त्यांचे सर्व खाणे सहा तासांत आणि दुपारी तीनच्या आत आटोपले जाई. वजन घटू नये इतके अन्न त्यांना दिले जात होते. तरीही इन्सुलिनचा परिणाम सुधारला आणि रक्तदाब उतरला. माणसे आठच होती, हे विसरू नये. वजनाविषयी तर अधिकच जपून बोलावे लागते. चीनमधील ग्वांगजौ येथे १३९ स्थूल व्यक्तींना वर्षभर मोजके अन्न दिले गेले. त्यांपैकी निम्म्यांनी ते सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात घेतले. दोन्ही गटांच्या वजनातील घटीत म्हणावा असा फरक आढळला नाही. लवकर जेवले की माणूस आपोआप बारीक होतो, असे सांगणाऱ्यांनी हा निकाल वाचावा.

रात्रिभोजनत्यागाचा पाया अहिंसेचा आहे. त्याला प्रयोगशाळेच्या शिक्क्याची गरज नाही आणि नियमाच्या समर्थनार्थ असे प्रयोग पुढे करणे फारसे शोभतही नाही. परंतु ज्या घरांत आजी-आजोबा चौविहार पाळतात, त्याच घरांतील कमावता मुलगा दुकान वाढवून, गल्ला मोजून रात्री दहाला ताटावर बसतो, ही वस्तुस्थिती आहे. त्याच्यासाठी सून साडेदहापर्यंत ओट्याशी उभी असते. म्हणजे झोप दोघांची उशिरा आणि स्वयंपाक दोनदा. सायंकाळचा स्वयंपाक एकदाच पाचच्या सुमारास करून डबा दुकानावर धाडणे अनेक पेढ्यांना शक्य आहे. गिऱ्हाईक असतानाही पंधरा मिनिटे निघतात. चहासाठी ती रोज निघतातच. मात्र डब्यात भाजी-पोळी हवी. सूर्यास्त गाठण्यासाठी घाईने खाल्लेले फरसाण वेळेत खाल्ले, तरी फरसाणच राहते.

एक बाब गंभीर आहे. मुंबईत जूनअखेर सूर्य सव्वासातनंतर मावळतो, तर डिसेंबरच्या आरंभी सहाच्या सुमारास. हिवाळ्यात चौविहारापासून नवकारशीपर्यंत, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटांपर्यंत, अन्नपाण्याविना जवळजवळ चौदा तास जातात. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या रात्री आठच्या जेवणाच्या हिशेबाने घेणाऱ्याने जेवण सहावर आणले आणि औषध तेथेच ठेवले, तर पहाटे साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळलेले बोलणे ही त्याची चिन्हे. वेळ बदलण्याआधी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा व वेळ नव्याने लिहून घ्यावी. मूतखडा वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी रात्रीच्या पाण्याविषयीही त्याच भेटीत विचारावे.