साठवलेले माइल्स कुणासाठी?

या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांत सध्या एक प्रश्न सारखा असतो. नोकरी लागून सात-आठ वर्षं झाली, क्रेडिट कार्डावर बरेच पॉइंट साठलेत, ताई कॅलिफोर्नियात असते, आई-बाबांना पुढच्या उन्हाळ्यात तिच्याकडे पाठवायचंय. बाबांचे गुडघे दुखतात. या पॉइंटांवर त्यांना बिझनेस क्लासनं पाठवता येईल का?

येईल. फक्त ‘फुकट’ हा शब्द आधी डोक्यातून काढून टाका.

माइल्स म्हणजे विमान कंपनीनं छापलेली नोट, एवढं लक्षात ठेवलं की बाकीचं समजायला सोपं जातं. अमेरिकन एअरलाइन्सनं १ मे १९८१ रोजी आपली योजना सुरू केली तेव्हा हेतू साधा होता, नेहमीचं गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीकडे जाऊ नये. आता बँका कंपन्यांकडून हे माइल्स विकत घेतात आणि कार्डावरच्या खर्चाबद्दल आपल्याला देतात. हा धंदा केवढा मोठा आहे ते करोनात दिसलं. विमानं जमिनीवर उभी असताना डेल्टानं २०२० मध्ये आपली माइल्सची योजना तारण ठेवून ९ अब्ज डॉलर उभे केले. पुढच्या वर्षी अमेरिकन एअरलाइन्सनं तशाच तारणावर १० अब्ज उभे केले.

गोम अशी की नोट छापणारा आणि तिचा भाव ठरवणारा एकच. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरनं जुलै २०२२ मध्ये अवॉर्ड तिकिटांचे दर वाढवले, आणि असं करणारी ती काही एकटी कंपनी नाही. शिवाय क्रिसफ्लायरचे माइल्स तीन वर्षांनी बाद होतात. एअर कॅनडाच्या एअरोप्लॅनमध्ये दीड वर्ष काहीच देवघेव झाली नाही तर शिल्लक जाते. मुदत ठेवीसारखे हे माइल्स सांभाळून ठेवायचे नसतात. प्रवास नक्की ठरला असेल तर वापरून टाकावेत.

आता हिशोब. आकडे समजण्यापुरते घेऊ. एका बाजूचं बिझनेसचं तिकीट रोखीनं ३ लाख रुपये. तेच माइल्सनं घेतलं तर १ लाख १२ हजार माइल्स आणि २० हजार रुपये कर. वाचलेले २ लाख ८० हजार भागिले माइल्स, म्हणजे एका माइलला अडीच रुपये. मित्रमंडळीत हाच आकडा मिरवला जातो. पण तुम्ही ३ लाखांचं तिकीट रोखीनं कधी घेतलं असतं का? नसतंच. तुम्ही ७० हजारांचं इकॉनॉमीचं घेतलं असतं. मग खरे वाचले ५० हजार, आणि एका माइलला मिळाले जेमतेम ४५ पैसे. माझ्या मते धडधाकट तरुण माणसानं हा दुसरा आकडा पाहावा. सत्तरीच्या, गुडघे धरलेल्या माणसाचा हिशोब मात्र या भागाकारात बसत नाही. सिंगापूर ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे पंधरा तास लागतात. एवढा वेळ पाय दुमडून बसणं आणि आडवं पडून झोपणं यांतला फरक त्यांना पोचल्यावर पुढचे चार दिवस जाणवतो.

सीट शोधणं हेच खरं काम. कंपनी माइल्सवाल्यांसाठी बिझनेसच्या मोजक्याच जागा सोडते, रोखीनं खपणार नाहीत असं वाटतं तेवढ्याच. त्या साधारण अकरा-बारा महिने आधी दिसू लागतात, नाहीतर अगदी शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत. आई-बाबांसाठी शेवटच्या आठवड्यांवर विसंबणं मला पटत नाही, कारण व्हिसा, औषधं, सोसायटीतली कुलपं-किल्ल्या, सगळं त्यांना महिनाभर आधी जागच्या जागी लागतं. आपल्या बडोदेकरांना अहमदाबादहून सिंगापूरमार्गे जाणं बरं पडतं, मुंबईपर्यंतची फरफट वाचते. पण सिंगापूर एअरलाइन्स लांबच्या मार्गांवरच्या बिझनेसच्या जागा सहसा स्वतःच्या सभासदांनाच देते, तेव्हा तिथे क्रिसफ्लायरचेच माइल्स लागतील. एअर इंडिया जुलै २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे, त्यामुळे तिच्या विमानात एअरोप्लॅनचे पॉइंट वापरूनही बसता येतं. एअरोप्लॅनमध्ये एका बाजूच्या तिकिटावर ५ हजार पॉइंट जादा देऊन वाटेत काही दिवस मुक्कामही करता येतो. लंडनमध्ये मामा असेल तर बघा!

मात्र लंडनहून पुढे निघताना ब्रिटनचा प्रवासी कर लागतो, आणि लांबच्या प्रवासाला बिझनेस क्लाससाठी तो माणशी २०० पौंडांहून जास्त आहे. चोवीस तासांच्या आत पुढचं विमान घेतलं तर तो सहसा पडत नाही. काही कंपन्या याखेरीज इंधनाचा अधिभारही लावतात. एअरोप्लॅन तो लावत नाही.

बँकेतून विमान कंपनीकडे गेलेले पॉइंट परत येत नाहीत. म्हणून आधी जागा बघायची, मग पॉइंट हलवायचे. हलायला काही वेळा दोन-चार दिवस लागतात, तेवढ्यात जागा जाऊ शकते. हा धोका राहतोच, म्हणून तारखेला दोन-तीन दिवस मागेपुढे सरकायची तयारी हवी.

नावाचं एक लफडं आपल्याकडे हमखास होतं. पासपोर्टवर आईच्या नावाला बाबांचं नाव जोडलेलं असतं, बँकेत फक्त नाव-आडनाव, आणि जुन्या खात्यात अजून माहेरचं आडनाव. माइल्सचं खातं आणि तिकीट दोन्ही पासपोर्टप्रमाणेच करा. क्रिसफ्लायरमध्ये तुमच्या माइल्सवर दुसऱ्याचं तिकीट काढायचं तर त्याचं नाव आधी नोंदवावं लागतं, आणि अशी पाचच नावं नोंदवता येतात. ही नोंदणी जागा दिसल्यावर नाही, आजच उरका.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘अर्ध्या भावात बिझनेस क्लास’ असे संदेश फिरतात. ते बहुधा दुसऱ्याचे माइल्स विकत घेऊन काढलेलं तिकीट असतं. माइल्सची अशी विक्री योजनांच्या नियमांत बसत नाही, आणि कंपनीला कळलं तर तिकीट रद्द होतं. तेही आई-बाबा परक्या विमानतळावर उभे असताना होऊ शकतं. पॉइंटांसाठी खर्च वाढवणंही तसंच. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड फिलिप्स या अभियंत्यानं सुमारे ३ हजार डॉलरचे पुडिंगचे डबे घेऊन बारा लाखांहून अधिक माइल्स मिळवले होते. तो पठ्ठ्या हिशोबाचा पक्का होता. आपल्याकडे कार्डाची थकबाकी राहिली तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, आणि दोन महिन्यांच्या व्याजात पॉइंटांची किंमत वसूल होऊन जाते, बँकेची.

दोघांना पुरतील एवढे माइल्स नसतील तर काय? जाताना बिझनेस आणि येताना साधं तिकीट, हा तोडगा मला बरा वाटतो. एका बाजूचं अवॉर्ड तिकीट वेगळं काढता येतं. एकालाच बिझनेस आणि दुसऱ्याला मागे, असं करू नका. आई दर तासाला पडद्याआडून ‘ह्यांना गोळी दिली का’ विचारायला येईल, आणि केबिनवाले तिला परत पाठवतील.

आईला आधी विचाराल तर ‘एवढं कशाला’ हेच ऐकाल. तेव्हा तिला किंमत सांगण्यापेक्षा सीट कशी उघडते ते दाखवा. व्हीलचेअर अवॉर्ड तिकिटावरही मोफतच मिळते, निदान ४८ तास आधी कळवून ठेवा. आडवं झोपायला मिळालं तरी दर दोन-तीन तासांनी उठून चार पावलं चालायला दोघांनाही सांगा. आणि लिलो चेवडोची पाकिटं चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातली पिशवी हलकी राहू दे.