दगडी कोळशाचें कुळ

संकल्पांत मन्वंतराचा उच्चार करणाऱ्या आमच्या वाचकांस कोटि वर्षांचा हिशेब नवा नाहीं. एक मन्वंतर म्हणजे सुमारें ३० कोटि ६७ लक्ष वर्षें. केवळ सोयीसाठीं हें माप घेऊन भूगर्भशास्त्राच्या साह्यानें मागें पाहिलें, तर आपली भूमि बर्फाच्या युगांत शिरलेली दिसते. डायनोसॉर नांवाचे प्राणी अवतरण्यास तेव्हां आणखी सहा-सात कोटि वर्षें अवकाश होता.

याची साक्ष दगडांतच आहे. १८५६ सालीं ब्लॅनफर्ड बंधु व थिओबाल्ड या शास्त्रज्ञांनीं ओडिशांतील तालचेर येथें बारीक गाळांत रुतलेले मोठमोठे धोंडे पाहिले व ते बर्फानें वाहून आणिले असावेत, असें अनुमान काढलें. उष्ण प्रदेशांत बर्फ कोठून, अशी शंका येईल. उत्तर असें कीं, भारत तेव्हां येथें नव्हताच. तो दूर दक्षिणेस, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका यांस जोडलेला होता. या अखंड भूमीस आपल्या गोंडांच्या देशावरूनच 'गोंडवन' हें नांव मिळालें आहे.

बर्फ वितळल्यावर तेथें ग्लॉसोप्टेरिस नांवाच्या, जिभेसारख्या पानांच्या वृक्षांचीं अरण्यें माजलीं. १९१२ सालीं दक्षिण ध्रुवाहून परततांना कॅप्टन स्कॉट व त्याचे सोबती मृत्यु पावले; त्यांनीं अखेरपर्यंत न टाकलेल्या सुमारें १६ किलो दगडांतही हींच पानें उमटलेलीं आढळलीं. दलदलींत पडलेलें हें लांकूड व पाला गाळाखालीं दडपून त्यांचा दगडी कोळसा झाला. चंद्रपूरच्या खाणींतून निघतो तो हाच, आणि त्यावर निर्माण होणाऱ्या विजेनें आपले दिवे लागतात.

खरी विचार करण्याजोगी गोष्ट पुढेंच आहे. सुमारें २५ कोटि २० लक्ष वर्षांपूर्वीं सैबेरियांत भूमि भेगाळून तप्त शिलारसाचे लोट उसळले. त्या रसानें वाटेंतील कोळशाचे थरही जाळले. कर्बवायु वाढला, समुद्र तापले, त्यांतील प्राणवायु घटला व पाणी आम्ल झालें. समुद्रांतील दहांपैकीं आठांहून अधिक जाति निर्वंश झाल्या. ग्लॉसोप्टेरिसचीं अरण्येंही गेलीं. आणि पुढें सुमारें एक कोटि वर्षें कोळसा होण्याजोगी दलदल पृथ्वीवर जवळजवळ उरली नाहीं.

आज तसाच कोळसा आपण आपल्या हातांनीं जाळीत आहों. त्या उत्पातापुढें आपली राशि अद्याप लहान आहे. परंतु वेगांत मनुष्यानें त्या ज्वालामुखींसही मागें टाकिलें आहे, असें संशोधकांचें मत आहे. वडिलार्जित ठेव मोडण्यापूर्वीं घरांतील कर्ता पुरुष नातवंडांकडे पाहतो. ही ठेव तर कोणाही वडिलांनीं मिळविलेली नाहीं. ती भरून येण्यास लक्षावधि वर्षें लागतात. ती मोडतांना आम्हीं त्याहून कमी विचार करावा काय?